कियोमीवहिनींचं माहेर

लंडनच्या हॅरो भागातल्या भाजीच्या दुकानात मी वांगी निवडत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "ती नको घेऊस गं, आतून किडकी निघतात." वळून पाहिलं तर पन्नाशीची एक जपानी बाई उभी होती, हातात कोथिंबिरीची जुडी. मला वाटलं, बोलणारी दुसरीच कुणी असेल. पण दुकानात आम्हा दोघींशिवाय बाईमाणूस नव्हतं.

ही २००१ सालची गोष्ट. नवरा प्रणव वर्क व्हिसावर आलेला, मी ठाण्याहून त्याच्या मागोमाग. तो सकाळी ट्रेन पकडून सिटीत जायचा आणि मी दिवसभर भिंतींशी बोलायची. त्या दिवशी बाईंनी मला घरी नेलं, पोहे खाऊ घातले आणि म्हणाल्या, "मी कियोमी आपटे. सगळे वहिनी म्हणतात. तूही म्हण." त्यांचं मराठी सदाशिव पेठेतलं होतं, तेही तीस वर्षांपूर्वीचं. "इश्श", "हात मेल्या", "नसती उठाठेव" हे शब्द मी माझ्या आजीनंतर त्यांच्याच तोंडून ऐकले.

ते मराठी सासूबाईंनी शिकवलेलं. उल्हास आपटे हे पुण्याचे इंजिनिअर. सत्तरच्या दशकात जपानमधल्या शिमोनोसेकीच्या गोदीत ट्रेनिंगला गेले, तिथल्या ऑफिसात कियोमी टायपिंग करायच्या. लग्न करून पुण्यात आल्या, पाच वर्षं राहिल्या, मग दोघं लंडनला आले. समर हा एकुलता मुलगा हॅरोत जन्मला.

पुण्यात आल्या आल्या सासूबाईंनी विचारलं होतं, "तुझं गाव कोणतं गं?" यांनी सरळ सांगितलं, "हागी." सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मग हसू आवरून म्हणाल्या, "बाळ, आपल्यात हे नाव चारचौघांत घेऊ नकोस हो." तेव्हापासून वहिनी मराठी माणसांत गावाचं नाव घेतच नसत. नुसतं "माझं माहेर" म्हणत. पुढे मीही तसंच म्हणायला लागले.

त्या माहेराबद्दल मात्र त्या तासन् तास बोलायच्या. दोन नद्यांच्या मध्ये, समुद्रालगत वसलेलं गाव. टोकाला एक टेकडी आणि टेकडीच्या पायथ्याशी किल्ला. आता नुसता खंदक आणि दगडी तट उरलाय. चारशे वर्षांपूर्वी तिथला राजा एका मोठ्या लढाईत हरला. जिंकलेल्या शोगुनाने, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाने, त्याचा बहुतेक मुलूख काढून घेतला आणि त्याला या कोपऱ्यात, समुद्राच्या कडेला ढकललं. गावात अशी आख्यायिका आहे, की दर नववर्षाला कारभारी राजापुढे बसून विचारायचे, "या वर्षी शोगुनावर चालून जायचं का?" आणि राजा म्हणायचा, "अजून वेळ आली नाही." अडीचशेहून जास्त वर्षं. आजोबांनी विचारायचं, मग नातवाने, मग त्याच्या नातवाने.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग खरंच चालून गेले. जिंकले. आणि जिंकल्यावर त्यांच्याच सरकारने त्यांचा किल्ला पाडला, सामुराईंचे तनखे बंद केले. तलवार सोडून काही येत नव्हतं. काहींनी बंड केलं, ते मारले गेले. उरलेल्यांनी परसात संत्र्याची झाडं लावली. माझे पणजोबा त्यातलेच." वहिनी हसल्या. "म्हणून आमच्या गावात राग कसा धरायचा ते सगळ्यांना येतं. पुढे काय करायचं, ते नाही येत."

वहिनींचे वडील सामुराईंच्या वस्तीतल्या मातीच्या जुन्या भिंतींआड संत्र्यांची बाग सांभाळत. मुलगी परदेशी माणसाशी लग्न करतेय कळल्यावर त्यांनी आरडाओरडा केला नाही. तिला घेऊन ते समुद्रावर गेले. तिथे मातीचा एक लांब बंधारा आहे. परक्यांच्या तोफांच्या जहाजांची भीती होती त्या काळात गावातल्या बायकांनी तो उभारला. सामुराईंच्या घरच्या, एरवी उंबरा न ओलांडणाऱ्या बायकाही त्यात होत्या.

"माझ्या आजीने परक्यांना अडवायला इथे माती वाहिली," वडील म्हणाले. "तू परक्याचा हात धरून त्याच समुद्रापलीकडे चाललीस. जा. पण परत येऊ नकोस."

वहिनींनीही ऐकून घेतलं नाही. त्या म्हणाल्या, "आपल्या गावची मातीची भांडी सगळा देश वाखाणतो. ती घडवणारे कुंभार राजाने कोरियातून आणले होते. ते परके नव्हते?" वडील वळून घराकडे निघाले. ती त्यांची शेवटची भेट.

मागे राहिलेला भाऊ, सेईजी, मऊ स्वभावाचा होता. तो दर नववर्षाला वडिलांपुढे बसायचा आणि विचारायचा, "या वर्षी कियोमीला बोलावू?" वडील म्हणायचे, "अजून नाही." सेईजी फोनवर बहिणीला तसंच सांगायचा. सुरुवातीला दोघं हसायची. मग हसणं थांबलं, पण सेईजीने विचारणं थांबवलं नाही.

१९९९ साली उल्हास ऑफिसातच कोसळले आणि गेले. वहिनींनी माहेरी फोन केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वडील स्वतः फोनवर आले. वहिनींना वाटलं, आता रडता येईल. वडील म्हणाले, "परका गेला ना? आता घरी ये."

"काय सांगू नीना," वहिनी मला म्हणाल्या होत्या, "त्यांना वाटलं ते मला माफ करताहेत. माझा नवरा शवागारात होता आणि ते माझ्यासाठी दार उघडत होते." त्यांनी फोन ठेवून दिला. ही गोष्ट त्यांनी समरला सांगितली नाही.

समर तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढे शिकून मेडनहेडला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला, तिथेच फ्लॅट घेऊन राहायला लागला. उंच, बापासारखा हसरा. मराठी मोडकं आणि जपानी त्याहून मोडकं. आजोबांबद्दल त्याला फार कुतूहल. किल्ला, सामुराई, तलवारी हे सगळं त्याने शाळेत असल्यापासून मित्रांना सांगितलेलं. सेईजीमामाकडून आजोबांचा एक फोटो मागवून त्याने फ्लॅटमध्ये लावला होता.

२००५च्या वसंतात मी वहिनींच्या किचनमध्ये लोणच्याची लिंबं चिरत बसले होते, तेव्हा सेईजीचा फोन आला. वहिनी जपानीत थोडं बोलल्या, बराच वेळ ऐकत राहिल्या आणि त्यांनी फोन ठेवला. समर त्या शनिवारी आलेला होता.

"आजोबा?" त्याने विचारलं.

"हॉस्पिटलात आहेत. माझं नाव घेताहेत म्हणे."

"मग चल ना! मी आत्ता तिकिटं बुक करतो. मम, चल."

वहिनींनी सुरी उचलली. एक लिंबू चिरलं, दुसरं चिरलं. मग म्हणाल्या, "अजून नाही."

"अजून नाही म्हणजे? ही इज डाइंग!"

"ऐकलं मी."

"तू एवढा हार्ड कसा होऊ शकते? तुझा बाबा आहे तो!"

वहिनींनी मान वर केली नाही. मी त्यांच्याकडे पाहत होते. सांगा ना, असं मनात म्हणत होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी गप्प बसले.

समर एकटाच गेला. तो पोचल्यावर आठवड्याच्या आत आजोबा गेले. परत आल्यावर तो आधी माझ्याकडे आला. सोफ्यावर बसून पोरगा हमसून रडला. "मावशी, ते म्हातारा माणूस रोज दाराकडे बघायचा. माझा हात घट्ट पकडायचा आणि विचारायचा, कियोमी आली? मी काय सांगणार? सांगायचो, येते, येते. अँड ती इथे लोणचं घालत होती."

त्यानंतर त्याने आईकडे येणं सोडलं. भांडला नाही, ओरडला नाही. फोन केला की "बिझी आहे, मम." वाढदिवसाला कार्ड यायचं, पोस्टाने. हॅरो ते मेडनहेड अंतर ते काय, तासाभराचं, पण वर्षभरात तो एकदाही फिरकला नाही.

मी वहिनींवर चिडले. "सांगून टाका त्याला. तुमच्या वडिलांनी काय म्हटलं ते सांगा."

"त्याला एकच आजोबा मिळाले," त्या म्हणाल्या. "उल्हासचे वडील तो जन्मायच्या आधीच गेले. याने यांचा हात धरलाय शेवटचा. तो हात मी कशाला घाण करू?"

"आणि तुमचं काय?"

"माझं काय. मला सवय आहे."

सेईजीला मूलबाळ नव्हतं. त्याने घर विकायला काढलं. जुन्या वस्तीतली भिंत पाडायला परवानगी नाही, त्यामुळे भिंत राहणार, आतलं घर जाणार. हे सांगताना वहिनी म्हणाल्या, "आमच्या गावाचं हे असं. आत कुणी नसलं तरी चालेल. भिंत हवी." मग त्यांनी मला बजावलं, "नीना, मला तिकडे नेऊ देऊ नकोस. उल्हासला सोडलं तिथे सोडा." उल्हासच्या अस्थी त्यांनी आणि समरने साउथएंडच्या समुद्रात सोडल्या होत्या.

२००८च्या हिवाळ्यात त्यांना स्ट्रोक आला. वाचा पूर्ण गेली. समर धावत आला आणि मग रजा काढून रोज येऊन बसायला लागला. आईचे केस विंचरायचा, इंग्रजीतून काहीबाही बोलायचा. वहिनींची नजर त्याच्यावरून हलायची नाही. ओठ हलायचे, पण शब्द बनत नव्हता. दोघांमध्ये जे बोलायचं होतं ते आता कुणालाच बोलता येत नव्हतं. डॉक्टरांना आशा होती. पण दुसरा झटका आला आणि वहिनी गेल्या.

क्रेमेटोरियममधून अस्थी आणल्या त्या दिवशी समर म्हणाला, "मी तिला हागीला नेणार. आजोबांच्या शेजारी. सेईजीमामाशी बोललो, जागा तयार आहे. शेवटी तरी दोघं एकत्र असतील."

तेव्हा मी त्याला सांगितलं. फोन, वडिलांचे शब्द, सगळं. सांगावं की नाही, हे मला अजूनही ठरवता येत नाही. वहिनींनी जे इतकी वर्षं झाकून ठेवलं ते मी पाच मिनिटांत उघडं केलं. पण त्यांना तिकडे नेऊ द्यायचं नव्हतं, आणि दुसरं काही कारण त्याने मानलं नसतं.

त्याने अस्थींचा कलश टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "बाबाबद्दल असं म्हणाला? परका गेला?"

"हो."

"आणि मी त्याचा हात..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "तिने मला का नाही सांगितला, मावशी?"

"तुझ्यासाठी."

"दॅट्स नॉट फेअर," तो म्हणाला. "साडेतीन वर्षं मी तिला पनिश केलं. तिने करू दिलं. दॅट्स नॉट फेअर."

नव्हतंच ते फेअर.

रविवारी सकाळी आम्ही साउथएंडला गेलो. भरतीची वेळ बघायचं कुणालाच सुचलं नव्हतं. समुद्र पार आत गेलेला, समोर नुसता काळपट चिखल. थंडीत कुडकुडत आम्ही कारमध्ये बसून राहिलो. पाणी हळूहळू पुढे सरकत आलं, तसा समर बुटांसकट त्यात उतरला. मी काठावर थांबले. त्याची पाठ तेवढी मला दिसत होती.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "सेईजीमामाला फोन करायला पाहिजे. तो तिकडे वाट बघतोय."

"घरी गेल्यावर कर. पाय बघ तुझे."

त्याने ऐकलं नाही. तिथेच उभं राहून फोन लावला. मामाला हल्ली ऐकू कमी यायचं. त्यामुळे आई येणार नाही, हे एकच वाक्य समरला त्याच्या मोडक्या जपानीत मोठमोठ्याने पुन्हा पुन्हा म्हणावं लागत होतं, आणि किनाऱ्यावर कुत्री फिरवायला आलेली माणसं वळून वळून त्याच्याकडे पाहत होती.