गादीभर गाव

वाशीमइतकं पोलंड जाणणारं गाव अख्ख्या हिंदुस्थानात दुसरं नव्हतं, आणि याचं सगळं श्रेय आमच्या पिंजारी चाचांना आहे. आपल्या म्युनिसिपालटीत कोण निवडून आलं हे ज्यांना सांगता येत नसे, त्यांनाही पोलंडमधल्या एका चिमुकल्या तीर्थक्षेत्राची कुळकथा पाठ होती. त्या गावाचं नाव चाचा एका दमात घेत. दुसऱ्या कुणाच्या जिभेला ते कधी झेपलं नाही, म्हणून सगळे त्याला ‘चाचाचं गाव’ म्हणत.

महायुद्धात देशोधडीला लागलेली पोलिश माणसं कोल्हापूरजवळच्या छावणीत आली होती. एवढ्या माणसांना गाद्या लागतीलच, हा हिशेब करून चाचा पिंजण खांद्यावर टाकून गेले आणि पैशांऐवजी इतिहास घेऊन परत आले. तिथे अंथरुणांच्या कोठारावर एक म्हातारी होती. तिच्या गावचं दुसरं कोणीच त्या छावणीत नव्हतं. चाचा कापूस पिंजत, ती समोर बसून मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत, हातवारे करून, कोळशानं फरशीवर डोंगर काढून गाव सांगे. मग चाचांकडून परत म्हणवून घेई, आणि चुकले की पहिल्यापासून. मी एकदा विचारलं, तुम्हाला तिचं बोलणं समजायचं कसं? चाचा शांतपणे म्हणाले, "अर्धं तिनं सांगतलं, अर्धं मले समजलं."

पुढे त्यांच्या दुकानात वेळेचं मापच बदललं. पिंजणाच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मोगरी पडली की गोष्ट सुरू होई आणि काम संपलं की थांबे. एका उशीत फक्त स्थापना मावायची: एका जहागीरदाराला डोंगरावर जळता क्रूस दिसला आणि त्यानं तिथे देऊळ बांधलं. दोन उश्या दिल्या तर डोंगरभर विखुरलेल्या देवळ्या आणि त्यांना फेरी घालणारे यात्रेकरू मिळत. लहान गादीत देवळातल्या देवमातेच्या तसबिरीच्या डोळ्यांतून पाणी यायचं. मोठी गादी असेल तर उत्तरेकडून स्वीडवाले, म्हणजे स्वीडनचं सैन्य, चालून येत, तीन राजे मिळून देश वाटून घेत, आणि शेवटी महायुद्धाच्या तोंडावर गावकरी, शत्रूच्या हाती लागू नये म्हणून, देवळाची घंटा उतरवून शेतात पुरत. रिसोडचा एक शेतकरी बंडी जुंपून दारात उभा राहिला आणि म्हणाला, "चाचा, आज स्वीडवाले येऊ नका देऊ, मले उजेडात घरी जाऊ द्या." चाचांनी स्वीडवाल्यांना आणलंच. त्याशिवाय गादीच्या कोपऱ्यात कापूस नीट बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी तेव्हा पत्रकं वाचून वाढलेला आणि पत्रकं लिहू लागलेला. तीन राजांनी देश वाटून घेतला या ठिकाणी मला राहवत नसे. मी उठून साम्राज्यशाहीचा निषेध करी. चाचा पिंजण बाजूला ठेवून बिडी पेटवत आणि माझा निषेध संपला की विचारत, "झालं? आता घंटा पुरू?" परक्या गावाची ही भक्ती मला खुपायची. आपलं वाशीम काय कमी जुनं आहे, असं मी सुनावी. ते मान डोलवत आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा पोलंडच सांगत.

मग स्वातंत्र्य आलं आणि त्यामागून वाईट दिवस आले. कोण कुठे निघून गेलं याच्याच गोष्टी पारावर चालत. चाचांचा लेक हैदराबादेत दुकान काढून बसला होता. त्यानं बापाला बोलावणं धाडलं, आणि चाचा जाणार अशी बातमी पसरली. मी संतापलो. बहिणीच्या लग्नाच्या गादीचं निमित्त करून दुकानात गेलो. पिंजणाशी जखडलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, हा माझा डाव होता. कापसाचा पहिला ढीग फुलेपर्यंत मी त्यांना बजावत होतो, हे गाव जेवढं माझं तेवढंच तुमचं, इथून पाय काढणं म्हणजे पळणं.

चाचांनी मोगरी थांबवली. "भाषण नको देऊ बापू. मले गाव सांग."

"तुम्हाला गाव मी काय सांगू? जन्म इथे गेला तुमचा."

"म्हनूनच तं सांगता येत नाही. मले इथं कोनी पुसलंच नाही कधी. तिथं पुसतीन."

तेव्हा मला कळलं की त्यांचं जाणं ठरलेलं आहे. मी खाली बसलो आणि सांगू लागलो. वाशीम जेव्हा वत्सगुल्म होतं तेव्हाची राजधानी, पद्मतीर्थाचं पाणी, जमिनीत दडवलेल्या आणि पुढे सापडलेल्या बालाजीच्या मूर्ती. इथे चाचांचे डोळे चमकले. "पुरलेलं निंगलं?" त्यांनी विचारलं. निघालं, म्हटलं. त्यांनी मोगरी जोरात हाणली. प्रत्येक गोष्ट ते मला परत म्हणून दाखवत आणि मी, त्या म्हातारीसारखा, चुकल्यावर पहिल्यापासून म्हणायला लावी. मधेच म्हणाले, "देवळातल्या गाद्या माह्या आज्यानं पिंजल्या होत्या. हे बी घाल." मी घातलं. कापूस केव्हाच पिंजून झाला होता, तरी ते पिंजतच राहिले. गादी इतकी फुगली की ती दारातून काढायला चार जण लागले, आणि बहीण लग्नानंतर महिनाभर त्या गादीवरून घसरत होती.

निघताना चाचा म्हणाले, "एका डोस्क्यात दोन गावं मावत नाहीत. म्हातारीचं तुह्यापाशी राहू दे."

आज हैदराबादेत कुणी उशी भरायला देत असेल तर त्याला नुसतं वत्सगुल्म मिळत असेल. मूर्ती बाहेर निघतात त्या मोठ्या गादीलाच. इकडे मी परक्या गावाची भक्ती करतो. कुठे पिंजणाचा आवाज आला की कुणाला तरी धरून जळत्या क्रुसापासून सुरुवात करतो. निषेधाच्या जागीही आता थांबत नाही. गावकरी शेतात घंटा पुरतात तिथवर येतो आणि गप्प होतो. पुढचं चाचांना कुणी सांगितलं नव्हतं.