मी न दिलेलं इंजेक्शन

मी नाशिकरोडच्या एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. भूतबित, भास, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. नाइट ड्यूटीला बाकीच्या मुली असलं काही बोलायला लागल्या की मी हसायचे. आता हसत नाही... एवढंच.

आमच्या वॉर्डात औषधांचं ऑटोमॅटिक कपाट आहे. बोटाचा ठसा द्यायचा, पेशंटचं नाव निवडायचं, की त्याच्या औषधाचाच कप्पा उघडतो. वॉर्डातले एक पेशंट, सोनवणे काका, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, कॅन्सर हाडांत उतरलेला. मॉर्फीनची वेळ जवळ आली की त्यांचं कण्हणं पार जिन्यापर्यंत ऐकू यायचं.

त्या दुपारी मी दुसऱ्या पेशंटला घेऊन खाली सीटी स्कॅनला अडकले. उशीर झाला. धावत वर आले, कपाटावर बोट ठेवलं — तर स्क्रीनवर आलं, सोनवणेंचा डोस आधीच काढलाय. माझ्याच ठशाने.

खोलीत गेले. काका शांत पडलेले.

शेजारी बसलेल्या त्यांच्या बायको, काकू, म्हणाल्या, "आत्ताच तर दिलं ना तुम्ही. लगेच उतार पडला बघा."

"काकू, मी खाली होते. दुसऱ्या सिस्टर असतील."

"नाय ओ, तुम्हीच. मी काय वळखत नाय का तुम्हाला?"

मी डॉक्टरांना फोन लावला. दिलं असेल आणि मी परत दिलं, तर श्वास बंद पडायची भीती. दिलं नसेल, तर कळ कधीही उसळणार. डॉक्टर म्हणाले, "काही देऊ नका. नुसतं लक्ष ठेवा." मी स्टूल ओढून बसले... दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

नंतर कपाट उघडून मोजलं, तर मॉर्फीनची एकही ॲम्प्युल कमी नव्हती. कंपनीचा इंजिनिअर तपासून गेला, बिघाड सापडला नाही. सीटीच्या टेक्निशियनने सांगितलं, सिस्टर इथेच होत्या. मेट्रन मॅडम म्हणाल्या, "मग ठसा कोणाचा?"

काका पुन्हा कण्हले नाहीत. संध्याकाळी झोपेतच गेले.

तेरावं झाल्यावर काकू मुद्दाम भेटायला आल्या. माझे हात धरले. "सिस्टर, सुई दिल्यावर तुम्ही त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसलात. म्हणलात, आता नाय दुखणार. लय आधार वाटला ओ त्यांना."

मी नव्हते, असं सांगायला तोंड उघडलं... आणि त्यांच्याकडे बघून "हो" म्हणाले.

काकांजवळ कोण बसलं होतं, ते मला आजही माहीत नाही.