वर गेलेला हात

तुम्ही हात वर केलात की तुमचं कुत्रं काय करतं? खुंटीवरचा सदरा काढायला, पंख्याची धूळ झटकायला, आळस द्यायला, कशालाही. शेपटी हलवतं की जमिनीला चिकटतं? ठाऊक नसेल तर या रंगाऱ्याची गोष्ट ऐका. आणि "आमचं कुत्रं फार शिस्तीचं आहे हो" असं चारचौघांत सांगणारे असाल, तर दोनदा ऐका.

रंगाऱ्याचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. भिंत नीट न घासता कुणी पुट्टी ओढली की हा शिडीवरूनच गरजायचा. ठेकेदाराने त्याचं नाव 'फटाका' ठेवलं होतं. बायको म्हणायची, "ह्यांना काडी लावावी लागत नाही, ह्यांचे हेच पेटतात." पण आयुष्यात त्याने कुणाला चापट मारली नव्हती. फक्त बोलण्याला धार चढली की त्याचा उजवा हात आपोआप वर जायचा, बोटं पसरलेली, जणू आभाळालाच साक्षीला बोलावतोय.

एकदा त्याला एक रिकामा बंगला रंगवायला मिळाला. मालक नोकरीसाठी दूरच्या शहरात गेला होता. मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीपाशी, आखूड साखळीला एक तपकिरी कुत्रं बांधलेलं होतं. शेजारच्यांना आठवण झाली की ते भिंतीवरून काहीतरी टाकायचे. रंगाऱ्याने मागच्या व्हरांड्याचं छत रंगवायला रोलर वर केला आणि खाली पाहिलं, तर कुत्रं जमिनीशी सपाट. कान मागे, डोळे मिटलेले, पोटाखाली ओल पसरत चाललेली.

आधी त्याला वाटलं, आजारी असेल. त्याने रोलर खाली ठेवला. कुत्र्याने डोकं वर काढलं. त्याने रोलर उचलला. डोकं गेलं खाली. टाकीमागे खिळ्याला एक वेताची छडी टांगलेली होती, धरून धरून गुळगुळीत झालेली.

"कुणी रे तुला एवढं मारलं?" तो म्हणाला, आणि लगेच मालकाला फोन लावला.

"न्यायचं तर घेऊन जा," मालक म्हणाला. "कटकट गेली डोक्याची."

घरी बायको दारातच कमरेवर हात ठेवून उभी. "एक भुंकणारा आहे की घरात!"

"हा भुंकत नाही गं."

"मग राहू दे. एकाचं तरी डोकं थंड असेल."

त्याच दिवशी कुत्र्याच्या पाठीला पांढऱ्या रंगाचा फराटा लागला होता. त्यावरून बायकोने नाव ठेवलं, डाग्या.

भल्याभल्यांना शिवीशिवाय हाक न मारणारा हा माणूस डाग्याला मात्र हाकच मारायचा नाही. कामावरून आला की उंबऱ्यात त्याच्याकडे पाठ करून बसायचा. तळवा जमिनीवर, तळव्यात बिस्किटाचा तुकडा. डाग्या यायचा, वास घ्यायचा, पळायचा. रंगारी वळून बघायचा नाही, डोक्यावर हात फिरवायला जायचा नाही. असं करता करता एका संध्याकाळी तळव्यावर बिस्किटाऐवजी काहीतरी ऊबदार, जड येऊन टेकलं. डाग्याची हनुवटी.

"जेवायला येताय ना?" आतून बायको.

"गप बस! पाहुणा आलाय हाताशी."

पायाला मुंग्या येऊन पाय बधिर झाला, तरी गडी हलला नाही.

मग तो डाग्याला कामावर न्यायला लागला. आता रंगाऱ्याच्या धंद्याचा साधा नियम असा की भिंत वरून खाली रंगवायची, म्हणजे ओघळ आला तरी पुढच्या हातात झाकला जातो. हा पठ्ठ्या खालून वर रंगवायला लागला. आधी गुडघ्याएवढा पट्टा, मग कमरेएवढा, म्हणजे हात थोडा थोडा वर जाईल आणि कुत्र्याला सवय होईल. ओघळ खालच्या ओल्या रंगावर यायचे. ते तो फडक्याने टिपत बसायचा.

"अरे फटाक्या, भिंत वरून रंगवतात! डोकं गहाण टाकलंस का?" ठेकेदार ओरडायचा.

"भिंत तुझी, कुत्रं माझं. ओघळ पुसायला मी मेलो नाही अजून."

दिवस गेले. हात खांद्यापर्यंत आला, मग डोक्यावर. आणि एका घरात, रोलर थेट छताला टेकलेला असताना, खाली अंथरलेल्या जुन्या कागदांवर काहीतरी फटफट वाजलं. डाग्या पाठीवर उताणा पडून, त्या वर गेलेल्या हाताकडे बघत शेपटी आपटत होता. रंगारी शिडीवरून उतरला, तोंड धुवायला म्हणून गेला आणि बराच वेळ धूतच राहिला.

बायकोच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली होती. ती माळ्यावरचं पांघरूण काढायला हात वर करायची, तेव्हा डाग्या अजूनही खाटेखाली शिरायचा.

"त्याला रोलर कळलाय," ती म्हणाली. "रिकामा हात नाही कळला अजून."

"कळेल गं. घाई आहे का आपल्याला?"

घाई दुसऱ्यालाच होती. बंगलेवाला नोकरी सोडून परत आला. बंगल्याला राखण हवी होती, आणि नवं कुत्रं आणून शिकवण्यापेक्षा जुनं 'शिकवलेलं' बरं. आला तो थेट रंगाऱ्याच्या गल्लीत. हातात तीच साखळी.

"मी सांभाळायला दिला होता, कायमचा नाही."

"फोनवर काय म्हणाला होतास? कटकट गेली म्हणाला होतास!"

माणसं जमली. ठेकेदारही आला. त्याला बंगलेवाल्याच्या ओळखीने पुढची कामं हवी होती आणि रंगारीही तुटायला नको होता. त्याने तोडगा काढला. "भांडता कशाला? कुत्र्यालाच विचारू. दोघं दोन टोकांना उभे राहा. ज्याच्याकडे जाईल त्याचा."

सगळ्यांना पटलं. रंगाऱ्यालाही. छाती पुढे काढून म्हणाला, "चालेल!"

बायकोने त्याची बाही ओढली. "कशाला हो म्हणालात? हा काय खेळ आहे?"

"माझ्याकडेच येणार तो. बघशील."

डाग्याला गल्लीच्या मधोमध सोडलं. बंगलेवाला एका टोकाला ताठ उभा. रंगारी दुसऱ्या टोकाला गेला, पाठ फिरवून उकिडवा बसला आणि तळवा जमिनीवर ठेवला. लोक हसले. "हा कुत्र्याला बोलावतोय का रुसून बसलाय?"

"टायगर! इकडे ये!" बंगलेवाल्याने हाक दिली. बंगल्यावर डाग्याचं हे नाव होतं.

डाग्याचे कान मागे गेले. तो थरथरला. मग त्याने त्या ओळखीच्या पाठीकडे पाहिलं. एक पाऊल टाकलं रंगाऱ्याकडे. थांबला. आणखी एक टाकलं.

"टायगर! येतोस की नाही!" साखळी खणकन वाजली.

आणि रंगारी पेटला. ताडकन उठला, गर्रकन वळला. "ओरडतोस कशाला रे त्याच्यावर!" आणि हात गेला वर. रिकामा. बोटं पसरलेली.

डाग्याच्या अगदी समोर.

कुत्रं जमिनीला चिकटलं. क्षणभर तसंच पडलं, मग शेपटी पोटाशी घेऊन वळलं आणि पोटावर सरपटत, मागे ओली रेघ सोडत, बंगलेवाल्याच्या बुटांपाशी गेलं. उशीर केला तर जास्त मार बसतो, हा त्याचा जुना धडा होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हो, टाळ्या! "मालक तो मालक! याला म्हणतात इमान!"

"अरे इमान कसलं? भीती आहे ती, भीती!" रंगारी घसा फाटेस्तोवर ओरडत होता, आणि त्याचा हात अजून वरच होता.

बायको जवळ गेली. तिने दोन्ही हातांनी तो हात धरून खाली आणला. "खाली घ्या आधी. तो बघतोय."

साखळी अडकवताना डाग्या खरंच बघत होता. तिच्याकडे नाही, त्या हाताकडे.

त्यानंतर रंगारी कितीदा तरी बंगल्याच्या फाटकाशी जाऊन बसला. पाठ करून, तळवा गजांच्या आत सरकवून. एकदा आतून साखळी ओढल्याचा आवाज जवळ जवळ आला, आणि साखळी संपली तिथे थांबला. पुढच्या खेपेला गेला तर फाटकाला आतून पत्रा ठोकलेला होता.

आता त्याचं कुणाशी वाजलं तर तो हात पाठीमागे बांधून भांडतो. ठेकेदार आता त्याला फटाका म्हणत नाही. भिंत तो अजून खालूनच रंगवतो, ओघळ टिपत, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. घरी बायको माळ्यावरचं पांघरूण काढताना हात सावकाश वर नेते आणि खाटेखालच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणते, "काही नाही रे, पांघरूण काढतेय."

तुमच्या घरी कुत्रं असेल तर हे वाचून झाल्यावर उठा. त्याच्यासमोर रिकामा हात हळूच वर न्या. ते शेपटी हलवत आलं तर तुमचं चांगलं चाललंय. पण ते जमिनीला चिकटलं, तर शिस्तीची फुशारकी बंद करा. खाली बसा. पाठ करा, तळवा जमिनीवर ठेवा. हाक मारू नका. वाट बघा.