फौजदार मावशींची उलटतपासणी

लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या मावशींना सगळ्या बायका पाठीमागे ‘फौजदार’ म्हणत. ओलं बोट लावून पाहिल्याशिवाय त्या इस्त्रीवर विश्वास ठेवत नसत, मग माणसांवर कुठून ठेवणार? आधीच्या मालकाने फुकट चहा सुरू केला आणि महिनाभरात दुपारची सुट्टी गिळली. दुधाने तोंड पोळलेली ही बाई ताकही फुंकून पिणारच.

त्यामुळे नव्या मालकीणबाईंनी लाँड्रीतच गोदामाशेजारी कामावरच्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडलं, तेही बिनपैशाचं, तेव्हा मावशींच्या कपाळाला आठी पडली. खरं तर सगळ्यांत जास्त गरज त्यांनाच होती. सून रात्रपाळी करून दिवसा झोपायची आणि तीन वर्षांची नात शेजारणीच्या भरवशावर जिन्यात खेळायची. एकदा ती पडली होती. पुन्हा पडली तर मावशींना काम सोडावं लागणार होतं.

मावशी सरळ मालकीणबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“यात तुमचा फायदा काय?”

“आहे की. गेल्या वर्षी पोरांपायी चौघी सोडून गेल्या. नव्या बाईचा हात बसेपर्यंत कपडे जळतात, गिऱ्हाईक तुटतं. पाळणाघर त्यापेक्षा स्वस्त पडतं.”

“हे पटलं. पुण्य कमावतेय म्हणाला असतात तर पोरगी आणलीच नसती.” मावशी दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. “तुमचा नातू कुठे असतो?”

“त्याला सांभाळायला घरी बाई आहे.”

“मग राहू द्या. तुमच्या पोराला जे नको, ते आमच्या पोरांना कशाला?”

मालकीणबाईंना राग आला, तो लपला नाही. पण सोमवारी त्यांचा नातू पाळणाघरात होता आणि सगळ्यांत मोठ्याने रडत होता.

तेव्हा कुठे मावशींनी नातीला आणलं. तरी इस्त्रीचं टेबल खिडकीजवळून हलवून पाळणाघराच्या दारासमोर लावलं. उजेड कमी पडला तरी चालेल, पण पोरगी नजरेआड नको.

आठवडा नीट गेला. मग एका सकाळी मालकीणबाईंच्या नातवाने मावशींच्या नातीची मोटार हिसकावली आणि तिने त्याला सणसणीत धपाटा घातला. नेमक्या मालकीणबाई दारात! झालं, नोकरी गेली, म्हणत मावशींनी इस्त्री उभी केली.

“मोटार आधी कोणाकडे होती?” मालकीणबाईंनी विचारलं. पाळणाघरातल्या बाईने घाबरत नातीकडे बोट दाखवलं.

“मग दे तिची तिला,” त्या नातवाला म्हणाल्या. “आणि तू गं, मारायचं नाही.”

मावशींना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. दुपारी त्यांनी टेबल पुन्हा खिडकीजवळ ओढलं.