बांगड्या भरायचा ओटा

भोरच्या पेठेतला आमचा ओटा मामंजींनी स्वतःच्या हातानं फोडला. पहिली कुदळ त्यांची. मी तेव्हा नवी सून होते, दारात उभी राहून बघत होते, आणि मला सासऱ्यांचा फार अभिमान वाटला होता. त्या अभिमानाची आज लाज वाटते.

आम्ही कासार. दुकानात काचेच्या बांगड्यांच्या माळा आणि बाहेर दोन पायऱ्यांचा दगडी ओटा. खरा धंदा त्या ओट्यावरच चालायचा. बाजाराच्या दिवशी पासली, गुंजवणे, पार डोंगराकडच्या बायका पायी यायच्या आणि डोक्यावरची पाटी उतरवून ओट्यावर टेकायच्या. सासूबाई समोर मांडी घालून बसत, बाईचा हात आपल्या गुडघ्यावर घेत आणि सांधा दाबत दाबत बांगडी चढवत. हात भरले की बाई त्यांना वाकून नमस्कार करायची, मग त्या एक बांगडी वरची द्यायच्या. बाई तरी लगेच कुठली उठतेय? तिथंच भाकरी सोडायची, पाटी आमच्या भरवशावर ठेवून मीठ-मिरची घ्यायला जायची. सगळ्याच दुकानांचं थोडंफार असंच होतं. पेठ ओट्यांवर चालते, हे आम्हाला ओटे गेल्यावर कळलं.

एसटीच्या गाड्या वाढल्या तशी पेठेतली गर्दी पातळ झाली. चार पैसेवाला सरळ पुणं गाठायला लागला. मग पेठ सुधारायची टूम निघाली. पालिका रस्ता रुंद करणार, गटारं झाकणार, ट्यूबलाइट लावणार. व्यापाऱ्यांनी आपापले ओटे काढून दुकानं एका रेषेत आणायची. मामंजी व्यापाऱ्यांच्या बैठकीहून आले ते हवेतच. वयानं तेच मोठे, त्यांनी सुरुवात केली की बाकीचे मागून येणार होते.

सासूबाईंनी एकदाच विचारलं, "आन् बायका बसायच्या कुठं?"

उत्तर मी दिलं. मी पुण्याची, मला सगळं ठाऊक. म्हटलं, खुर्च्या ठेवू. मामंजींना ते इतकं पटलं की त्यांनी दुसऱ्याच दिवशी दोन खुर्च्या सांगून टाकल्या.

ओटा फुटला तेव्हा पेठेत गूळ-खोबरं वाटलं. पंधरवड्यात सगळे ओटे गेले. आमच्याकडे पांढरी फरशी आली, काचेचं कपाट आलं, गल्ल्यावर मामंजी आणि समोर त्या दोन खुर्च्या. दिवेलागणीला ट्यूब पेटली की पेठ खरोखर देखणी दिसायची, हे मी नाकारत नाही.

बाजाराचा दिवस आला. डोंगरातल्या बायका आल्या, रस्त्यात थांबल्या, आपल्या चिखलाच्या पायांकडे बघितलं, फरशीकडे बघितलं आणि पुढं गेल्या. मामंजी आतून "या, बसा" म्हणत राहिले. थोरल्या पुरुषमाणसासमोर खुर्चीवर बसणारी बाई आमच्या तालुक्यात तेव्हा जन्मायची होती. आणि गिऱ्हाइकाला पुन्हा जमिनीवर बसवलं, तर सुधारणेला काय अर्थ, असं मामंजींना वाटे.

पासलीची एक बाई मात्र लेकीला घेऊन आत आली. लेकीचं लग्न होतं, चुडा भरायचा होता. पोरगी काही केल्या खुर्चीवर बसेना. सासूबाई आत चुलीशी होत्या, म्हणून मी उभ्यानंच तिचा हात धरला. उभ्यानं हात सैल पडत नाही. दोन हिरव्या बांगड्या माझ्या मुठीत फुटल्या आणि पोरीच्या मनगटावर रक्त आलं. लग्नाचा चुडा! तिची आई ओरडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई आता." पदरानं लेकीचा हात पुसत दोघी गेल्या. त्यानंतर पासलीच्या कुणी आमच्या दुकानात पाऊल टाकलं नाही.

"हात दाखवून अवलक्षण," एवढंच सासूबाई बोलल्या. पुढच्या बाजारी त्यांनी टोपलीत माळा भरल्या आणि एसटी स्टँडजवळच्या झाडाखाली पोतं अंथरलं. मीही त्यांच्यामागून गेले. दुपारपर्यंत आम्हा दोघींना मान वर करायला फुरसत नव्हती.

मामंजींनी अडवलं नाही. ओटा परत बांधू, असं मी एकदा सुचवलं, तर म्हणाले, मी चार लोकांचे ओटे फोडायला लावले, आता माझाच कुठल्या तोंडानं बांधू? तेव्हाच मला कळलं की हे दुकान आता काही सावरत नाही.

एकदा जेवायच्या वेळी ते आमचा डबा घेऊन स्टँडवर आले. बायकांचा घोळका बघत जरा वेळ उभे राहिले. गुंजवण्याची एक म्हातारी, ती त्यांना ओळखतही नसावी, पोत्याच्या कडेला सरकली.

"बसा की दादा," ती म्हणाली. "हितं जागा हाय."

मामंजींनी डबा माझ्या हातात दिला.

"न्हाई," ते म्हणाले, "दुकान उघडं टाकून आलोय. कुणी आलं तर?"

सासूबाईंनी पुढच्या बाईचा हात गुडघ्यावर घेतला. मामंजी लगबगीनं पेठेकडे गेले. आम्ही अंधार पडेपर्यंत बांगड्या भरल्या, आणि दुकानात त्या दिवशी कुणी आलं नाही.