तिनं फक्त बटन दाबलं होतं

नोकरीत मी पंचनामे ढिगानं केले, पण केज तालुक्यातल्या त्या घराची न्हाणी आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हा मी ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना ठाणे अंमलदार निरोप घेऊन आला. नाव न सांगता कुणीतरी फोन केला होता, "सुनेनं सासूला करंट देऊन मारलंय. मातीला न्यायच्या आत या."

मी लगेच गाडी काढायला लावली. निनावी फोन म्हटलं की हसण्यावारी नेणारे अधिकारी मला कधीच पटले नाहीत. फोन करणारा भले खोटारडा असो, मयत तर खरी असते ना!

घर मेंढरं राखणाऱ्या कुटुंबाचं. पिढ्यानपिढ्या रानात राहिलेली माणसं. मुलानं हौसेनं गावातलं एक जुनं घर विकत घेतलं होतं. आधीचा मालक किराणा दुकानदार, तो आता केजला राहायला गेलेला. घराची वायरिंग बघून माझ्याच अंगावर काटा आला. लाकडी पट्ट्यांवरून गेलेल्या तारा, त्यांचं रबर पापडासारखं सुटलेलं, बटनं काळी पडलेली. घेणाऱ्यांनी वास्तुशांत थाटात केली, भिंतींना रंग दिला, पण तारांकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही.

म्हातारी न्हाणीत नळापाशी पडली होती. उजव्या तळव्यावर भाजल्याचा डाग होता. बाहेर अख्खं गाव जमलेलं. मयताची लेक त्याच गावात दिलेली होती, ती छाती पिटत पुढं आली.

"सायब, माज्या मायला हिनं मारलं! शेरडं ओसरीत बांधू देत न्हवती, सकाळीच लई भांडली. बादलीत हिटरचा रॉड सोडला हिनं!"

सून कोपऱ्यात बसली होती, मांडीवर तान्हं लेकरू. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "म्याच मारलं, सायब. मला न्या."

झालं! गावाला आरोपी मिळाली, कबुलीही मिळाली. नवरा खाली मान घालून बसला होता. लेकराचं काय होणार, हे विचारायचंसुद्धा कुणाला सुचत नव्हतं.

पण मी आधी न्हाणीत गेलो. हिटरचा रॉड फडताळावर होता, कोरडा ठणठणीत, वर धूळ. बादलीतलं पाणी गरम होतं खरं, पण चुलीतले निखारे अजून फुललेले होते. पाणी चुलीवर तापलं होतं. म्हणजे रॉडची गोष्ट तिथंच संपली. हवालदारानं नळाला टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही. लगेच गर्दीतून आवाज आला, "नळात करंट न्हाई, मग आला कुठून बे? हिनंच कायतरी केलं!"

पोलिसापुढं दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही, हे कुठलाही शिकाऊ फौजदार सांगेल. पण मला कोर्टाची पर्वा नव्हती, मला ती पटतच नव्हती. गुन्हा करणारा माणूस आधी दुसऱ्याचं नाव घेतो. ही बाई स्वतःला गाडीत घालायला निघाली होती. मी महिला पोलिसाला जवळ बसवलं आणि त्या पोरीला तिच्याच स्वयंपाकघरात म्हटलं, "पोरी, सकाळपासून काय काय केलंस ते सावकाश सांग. मी मधी बोलणार नाही."

"आत्या आंगुळीला गेल्या," सासूला ती आत्या म्हणायची. "न्हाणीत आंधार हाय, खिडकी न्हाई. आतून म्हणल्या, लाईट लाव. म्या बटन दाबलं. लाईट मिणमिणच झाली. काल नळाचा पाइप बदलल्यापासून तशीच हाय, आमाला वाटलं व्होल्टेज कमी हाय. मंग त्यांनी नळाला हात लावला आसंल... त्या वरडल्या आन लाईट एकदम लख्ख झाली. म्या भिऊन बटन बंद केलं. बटन म्याच दाबलंतं, सायब!"

मी ताडकन उठलो. म्हातारीचा हात लागला आणि दिवा लख्ख झाला! म्हणजे वीज तिच्या अंगातून जात होती.

दुकानदाराला केजहून बोलावून घेतलं. आधी तो ताठ्यात होता. "घर इकलं, आता माजा काय संबंध?" मी त्याला न्हाणीत नेलं आणि नळावर हात ठेवायला सांगितला. गडी दोन पावलं मागं सरकला.

"कावून भेताय शेठ? तुमचंच घर होतं ना?"

मग तो घडाघडा बोलला. विजेला घरात यायला एक तार लागते, परत जायला दुसरी. परतीची तार भिंतीत कुठंतरी तुटली होती. भिंत उकरून नवी घालण्याऐवजी त्यानं ती नळाच्या लोखंडी पाइपला जोडून दिली. पाइप जमिनीत गेलेला, वीज मातीत जायची. "लई घरात आसंच हाय सायब. आमाला कवा काय झालं न्हाई." विकताना त्यानं हे सांगितलं नव्हतं. नव्या मालकानं गंजलेला पाइप काढून प्लास्टिकचा टाकला, फक्त न्हाणीतला तुकडा लोखंडी राहिला. विजेची मातीत जायची वाट बंद झाली. आता बटन दाबलं की नळ जिवंत व्हायचा; बटन बंद होतं, म्हणून हवालदाराचा टेस्टर पेटला नव्हता.

मी गावाला दारात उभं केलं. कोरड्या पाटावर उभा राहून नळाला टेस्टर लावला आणि ननंदेला म्हटलं, "ताई, बटन तुम्ही दाबा."

तिनं दाबलं. टेस्टर पेटला.

"आत्ता या नळाला कुणाचा हात असता आणि जीव गेला असता, तर तुम्ही मारलं म्हणायचं का?"

 ती भावजयीकडं गेली, लेकराला घेतलं आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. मी फ्यूज काढून खिशात घातला.

सून माझ्याकडं बघत होती. "म्हंजी... म्या न्हाई मारलं?"

"नाही, पोरी. तू नाही मारलंस."

पुढं विद्युत निरीक्षकांचा अहवाल तसाच आला. दुकानदारावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. गावातल्या कितीतरी घरांनी नळाला बांधलेल्या तारा आपणहून सोडल्या, मला कुणाला सांगावंही लागलं नाही. त्या प्रकरणानं मला एक गोष्ट कायमची शिकवली. दुःखातला माणूस स्वतःवर वाटेल तो आळ घेतो, आणि कबुली मिळाली की तपास संपला म्हणणारा अधिकारी त्याचा बळी घेतो.

मोठमोठे दरोडेखोर मी पकडले, बक्षिसं घेतली, फोटो छापून आले. पण छाती फुगते ती त्या दिवसाच्या आठवणीनं. अख्खं गाव तिला गाडीत घाला म्हणत होतं, आणि मी गाडी रिकामी परत आणली.