जामीन राहिलेला हवालदार

भिवंडीच्या तार ऑफिसात मी, चिंतामणी, सत्तावीस वर्षं खिडकीमागे बसलो. लष्कराची छावणी जन्मात पाहिली नाही. तरी काल्हेरच्या हिरामणच्या कंपनीत कसला साहेब आलाय, हे मला खिडकीतून कळायचं. साहेब चांगला असला की आमच्या भागातल्या म्हाताऱ्या ठणठणीत असत. वाईट आला की त्या पटापट आजारी पडत.

त्या कंपनीत आमच्या तालुक्यातले पाचसहा जण होते आणि हिरामण त्यांतला जुना. खाडीकाठच्या शेतकऱ्याचा पोर, बोलायला कमी, खायला भरपूर. सुट्टीवर आला की माझ्या खिडकीशेजारच्या बाकावर बसून तिकडच्या गोष्टी सांगायचा. चौऱ्याऐंशी साली त्यांचा मेजर रोज संध्याकाळी जवानांच्या पंगतीत जेवायचा. कुणाची भातलावणी कधी, कुणाची बायको बाळंत कधी, सगळं त्याला पाठ. ‘साहेब, लावणी हाय’ एवढं म्हटलं की दहा दिवस सुट्टी. गेलेला माणूस तासभरही उशिरा परतत नसे. त्या तीन वर्षांत त्या कंपनीसाठी माझ्या खिडकीतून आजारपणाची एकही तार गेली नाही.

सत्त्याऐंशीत मेजर बदलला. नवा साहेब मनाचा वाईट नव्हता, असं हिरामण म्हणायचा. मला मात्र त्याचा अजून राग आहे. आधी कुठंतरी कुणीतरी त्याला फसवलं होतं आणि त्याचं उट्टं तो सगळ्यांवर काढत होता. सुट्टी हवी तर घरून तार आली पाहिजे. बरं, तार काय, मागितली की येते. त्या आषाढात एकाच आठवड्यात मी तीन आया आणि एक बाप मरणाच्या दारात पोचवले. सगळे शेतात गुडघाभर चिखलात उभे राहून लावणी करत होते.

चौथी आई स्वतःच आली. हिरामणची गोदूबाई, तोंडात मिश्री, डोक्यावर सुक्या मासळीची पाटी.

“तारबाबू, लिव. गोदूबाई लय आजारी हाय, लगेच ये.”

“मावशी, तुम्ही तर धडधाकट दिसता.”

“मंग? आजारी मानूस तार करायला येल काय?”

मी तार केली. माझं काम ते. मेजरने हिरामणला समोर उभं करून विचारलं, “तुमच्याकडच्या सगळ्या आया लावणीलाच कशा आजारी पडतात?” आदल्या आठवड्यातच गोदूबाईने हिरामणला शेजारणीशी झालेल्या भांडणाचं चार पानी पत्र लिहवून घेऊन पाठवलं होतं. हिरामण म्हणाला, “साहेब, आई बरी असेल. लावणीला माणूस कमी पडलंय, म्हणून तार केली असेल.” खरं बोलल्याचं बक्षीस म्हणून त्याची सुट्टी नामंजूर झाली. गोदूबाईने महिनाभर मलाच शिव्या दिल्या.

पण मेजरच्या डोक्यात ते राहिलं. हिरामण हवालदार झाला तेव्हा त्यानेच साहेबाला सुचवलं, तारा बंद करा. माझ्या माणसाचं खरं कारण मी सांगतो, त्याच्यासाठी मी जामीन. मेजर म्हणाला, “ठीक आहे. तुझ्या शब्दावर गेलेला माणूस परत येईपर्यंत तू इथून हलायचं नाहीस.” हिरामणने मान्य केलं. माझ्या खिडकीतल्या म्हाताऱ्या पुन्हा बऱ्या झाल्या. पलटणीतली पोरं पुन्हा हसतखेळत राहायला लागली, असं तो सांगायचा.

नव्वदच्या वैशाखात गोदूबाई खरोखर पडली. छातीत कळ येऊन थेट दवाखान्यात. धाकटा बाळाराम धावत माझ्याकडे आला, मी तार केली. दुसऱ्या दिवशी हिरामणचं उत्तर आलं: पंढरी परत येईपर्यंत निघता येत नाही, आईला सांभाळा.

पंढरी म्हणजे अकलोलीचा जवान. स्वतःच्या लग्नासाठी हिरामणच्या शब्दावर गेलेला, लग्न होऊन चार दिवस झालेले, सुट्टी अजून अकरा दिवस उरलेली. बाळारामने भावाच्या नावाने आकाशपाताळ एक केलं. “आई मोठी का शब्द मोठा?” हिरामणने पंढरीला एका अक्षराने कळवलं नसणार, हे मला ठाऊक होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अकलोलीची एसटी धरली.

पंढरी अंगणात बसला होता, हातापायांना हळद तशीच. मी दोन वाक्यांत सांगितलं. तो आत गेला आणि ट्रंक घेऊनच बाहेर आला. त्याची नवी बायको हौसा दारात उभी. “जा,” ती म्हणाली. “मी कुठं पळून जाते काय?”

दोन दिवसांनी पंढरी छावणीत पोचला. त्या वेळी मेजरने ना तार मागितली, ना दाखला. एक महिन्याच्या सुट्टीवर सही केली आणि हिरामणला स्टेशनापर्यंत स्वतःची जीप दिली.

हिरामण दवाखान्यात शिरला तेव्हा गोदूबाईला नीट बोलता येत नव्हतं. तिने त्याचा हात धरला आणि दिवसभर सोडला नाही. आठवड्याने ती उशाला टेकून बसायला लागली, पण डॉक्टर काही खात्री देईनात. त्या दिवशी मी भेटायला गेलो, तर म्हातारी लेकाला विचारत होती, “तुजी सुट्टी किती राह्यली?”

“वीस दिस.”

“आन त्या पोराची?”

हिरामण म्हणाला, “मी परत गेलो की त्याला त्याचे अकरा मिळतील.”

“मंग बसलास कशाला? नवी नवरी दारात उभी हाय त्याची.”

“आये, तुला काय झालं तर?”

“झालं तर बाळाराम हाय. तू आलास, मी बघितला. त्या पोरीनं अजून नवरा धड बघितला न्हाय.”

हिरामणने तिच्या पायांवर डोकं ठेवलं, बराच वेळ ठेवलं, आणि संध्याकाळच्या गाडीला निघाला. बाळारामला बाहेर पाठवून मी खाटेजवळ थांबलो, कारण तो रडत होता आणि म्हातारीला ते खपणार नव्हतं.